अमेरिकी शाळांतली रायफल: तेव्हा आणि आता

१९५० च्या दशकात अनेक अमेरिकी शाळांत रायफल क्लब असत. ५० फुटांच्या रेंजवर पॉइंट टू टू रायफल (०.२२ इंची, बारुदी काडतुसाची) चाले. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानंतर शाळेत बंदूक आणली की किमान वर्षभर हकालपट्टी. सवलत प्रकरण पाहून. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर धाक आणखी वाढला.

नेमबाजी मात्र टिकली, १० मीटरवर, हवेच्या दाबाने छरा सोडणाऱ्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलने. हा बदल मला शहाणपणाचा वाटतो. पॉइंट टू टूच्या काडतुसातलं शिसं धुरातून श्वासात जायचं. छऱ्यात स्फोटच नाही. पण छऱ्याचं शिसं हाताला लागतंच, म्हणून रेंजवर खाणं बंद, नंतर हात गार पाण्याने धुवायचे. आणि नेम संपला की नळीतून रंगीत दोरी आरपार: रिकामी असल्याची खूण. ‘हवेचीच तर आहे’ म्हणणारेच ती विसरतात.