ओल्ड फॉरेस्टर मिंट ज्यूलेप: तयार बाटली घ्यावी का?

केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर बहुतेकांच्या हातात जे मिंट ज्यूलेप असतं ते या बाटलीतलं. बर्बन (मुख्यतः मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की), साखर, पुदिन्याचा स्वाद सगळं आत मिसळलेलं, अल्कोहोल 30 टक्के. बर्फाचा चुरा आणि पुदिन्याचा तुरा तेवढा आपण घालायचा. घरी पंधरा-वीस माणसं जमणार असतील तर बिनधास्त घ्या. दोघा-चौघांसाठी मात्र नको. गोडी आपल्या हातात राहत नाही आणि 30 टक्क्यांचं पेय चुऱ्यावर बघता बघता पाणचट होतं.

त्यापेक्षा 50 टक्के अल्कोहोलची बर्बन आणा, याच कंपनीची 100 प्रूफही (म्हणजे 50 टक्केच) मिळते. 60 मि.ली. बर्बनला 15 मि.ली. पाक (साखर आणि पाणी समान). पाक मिसळूनही 40 टक्के उरतं, त्यामुळे बर्फ वितळला तरी चव टिकते.

पुदिन्याची आठ-दहा पानं पाकात टाकून चमच्याच्या पाठीने हलकेच दाबा, वास सुटला की थांबा. चटणीसारखी रगडलीत तर कडवट, गवताळ चव उतरते आणि मग ती कशानेही जात नाही.

बहुतेक ज्यूलेप फसतात ते बर्फापायी. मिक्सरमधला चुरा ओला निघतो, म्हणजे पहिल्या घोटाआधीच पाणी पडलेलं. फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ जाड सुती पिशवीत घालून लाटण्याने कुटा, सुटलेलं पाणी कापड शोषून घेतं. पाक-पुदिना धातूच्या पेल्यात घ्या, चुऱ्याने पेला अर्धा भरा, बर्बन ओता, बाहेरून हिमाचा पांढरा थर धरेपर्यंत ढवळा, मग वर चुऱ्याची टेकडी करा. पेला काठाला किंवा तळाशी धरा, मध्ये धरलात तर हाताच्या उबेने थर जातो.

तुरा तळहातावर एकदा आपटून स्ट्रॉच्या अगदी शेजारी खोचा. स्ट्रॉ आखूडच हवा, नाक पुदिन्यात गेलं पाहिजे. अर्धी मजा त्या वासात आहे, आणि बाटलीत नेमका तोच नाही.

बाटली आधीच घेतली असेल तर तिच्या 60 मि.ली.मध्ये 15 मि.ली. 50 टक्क्यांची बर्बन घाला. 34 टक्क्यांवर येतं, गोडीही उतरते.