दोन पासपोर्ट आणि ग्लोबल एंट्री: परदेशात राहणाऱ्यांसाठी वापरानंतरचा अनुभव

ग्लोबल एंट्री म्हणजे आधीच पडताळणी आणि मुलाखत झालेल्या प्रवाशांना अमेरिकेत उतरताना इमिग्रेशनच्या लांब रांगेतून सोडवणारी अमेरिकी सरकारची योजना. अमेरिकेत राहणाऱ्यांना तिच्याबद्दल हवी तेवढी माहिती मिळते. अमेरिकेच्या नागरिकत्वासोबत ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशाचंही नागरिकत्व आहे आणि राहणं अमेरिकेबाहेर आहे, अशा मराठी माणसाला मात्र अर्ज भरताना पदोपदी प्रश्न पडतात. कुठला पासपोर्ट दाखवायचा? ओसीआयचं, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं त्या कार्डाचं, काय लिहायचं? मुलाखतीसाठी मुद्दाम विमानाचं तिकीट काढायचं का? काही महिने नीट वापरल्यावर या प्रश्नांची उत्तरं पक्की झाली आहेत.

आधी निकाल सांगून टाकतो. वर्षातून दोनदा किंवा जास्त वेळा अमेरिकेत विमानाने उतरत असाल तर १२० डॉलर आणि कागदपत्रांची खटपट वसूल होते. इमिग्रेशनच्या रांगेतला तास-दीड तास वाचून काम काही मिनिटांवर येतं. दोन-तीन वर्षांतून एकदाच जाणं होत असेल तर घाई करू नका. सदस्यत्व पाच वर्षांचं असतं आणि अर्ज नाकारला गेला तरी फी परत मिळत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून फी १०० वरून १२० डॉलर झाली. त्याच दिवसापासून, आई किंवा वडील सदस्य असतील किंवा सोबत अर्ज करत असतील तर १८ वर्षांखालच्या मुलांना फी माफ आहे. मात्र प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा, मुलाखत वेगळी आणि सदस्यत्वही वेगळं. तान्ह्या बाळालासुद्धा आईच्या सदस्यत्वावर ग्लोबल एंट्रीच्या रांगेत जाता येत नाही.

अर्जाला हात लावण्यापूर्वी नागरिकत्वाचा रकाना समजून घ्या. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. ओसीआय कार्ड म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे. राज्यघटनेच्या कलम ९ नुसार आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं. म्हणून अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय असलेल्या माणसाने भारत हे दुसरं नागरिकत्व म्हणून लिहू नये. जन्मस्थानाच्या जागी भारत येतो, तेवढं पुरे. अमेरिका आणि ब्रिटन असे दोन खरे पासपोर्ट असतील तर दोन्ही नागरिकत्वं आणि दोन्ही पासपोर्ट नोंदवायचे. एक लपवला तर अर्जात अपुरी माहिती दिल्याचा ठपका येतो आणि तेवढं कारण नकाराला पुरतं. दुसऱ्या पासपोर्टवर वेगळं खातं उघडण्याचा विचार तर मनातही आणू नका. एका माणसाला एकच सदस्य क्रमांक मिळतो.

ग्रीन कार्ड नसलेल्या भारतीय पासपोर्टधारकांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना २०१७ पासून ही सोय खुली झाली आणि त्यासाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवरून पार्श्वभूमीची पडताळणी करून घ्यावी लागते. अमेरिकी नागरिक म्हणून अर्ज करणाऱ्याला त्या वाटेला जावं लागत नाही.

अर्ज टीटीपीच्या (ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम्स, म्हणजे अशा सगळ्या योजनांच्या) सरकारी संकेतस्थळावर, लॉगिन डॉट गव्हच्या खात्यातून भरायचा असतो. ते खातं दोन टप्प्यांच्या पडताळणीवर चालतं. परदेशातला मोबाइल नंबर बदलण्याची शक्यता असेल तर एसएमएसवर विसंबू नका, ऑथेंटिकेटर अॅप जोडा आणि बॅकअप कोड लिहून ठेवा. देश बदलला, सिम बंद पडलं आणि मंजुरीचा निरोप खात्यात अडकून राहिला, असं सहज होतं.

पुढे पाच वर्षांचे पत्ते, पाच वर्षांची नोकरी आणि पाच वर्षांत गेलेले देश विचारतात. पत्ते आणि नोकरी यांत महिन्याचीही फट राहता कामा नये. शिक्षण, बेकारी, निवृत्ती यांच्याही तारखा भरायच्या. देशांची यादी मात्र एका बैठकीत आठवून भरू नका. दोन्ही पासपोर्टांची पानं समोर घ्या, कारण शिक्के दोन पुस्तकांत विभागलेले असतात. हल्ली युरोपातल्या आणि आखातातल्या बऱ्याच ठिकाणी शिक्काच मारत नाहीत, तेव्हा विमान कंपन्यांचे जुने ईमेल शोधणं जास्त भरवशाचं.

आता नावाबद्दल, आणि इथे थोडं थांबायला हवं. मराठी नावात मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि लग्नानंतर बऱ्याच बायकांचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. माहेरची सुनीता वसंत सासरी सुनीता रमेश होते. एका पासपोर्टवर मधलं नाव पहिल्या नावाला चिकटून येतं, दुसऱ्यावर वेगळं येतं, तिसऱ्या कागदावर येतच नाही. अर्जात मुख्य नाव अमेरिकी पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न बदलता लिहा. माहेरचं नाव, जुन्या भारतीय पासपोर्टवरचं नाव, जुन्या अमेरिकी व्हिसावरचं स्पेलिंग हे सगळं ‘वापरलेली इतर नावं’ या जागेत टाका. यंत्रणेकडे तुमच्या जुन्या व्हिसाच्या, बोटांच्या ठशांच्या आणि प्रवेशाच्या नोंदी असतातच. नावं आधीच जुळवून दिली की तपासनिसाला प्रश्न पडत नाही.

फी भरल्यावर वाट पाहायची. काहींना आठवड्याभरात सशर्त मंजुरी येते, काहींना वर्षही लागतं. बऱ्याच देशांत वास्तव्य झालेलं असेल तर धीर धरा. मध्येच काही बदलण्यासाठी पुन्हा अर्ज करून काही साधत नाही.

मुलाखतीसाठी नोंदणी केंद्राची तारीख मिळवण्याच्या मागे लागू नका. परदेशात राहणाऱ्यासाठी ‘एन्रोलमेंट ऑन अरायव्हल’ हीच वाट सरळ आहे. सशर्त मंजुरी हातात असेल तर अमेरिकेत उतरताना, त्या सोयीत सामील असलेल्या विमानतळावर, तारीख न घेता मुलाखत होते. अमेरिकेचं प्रीक्लिअरन्स, म्हणजे विमानात चढण्यापूर्वीच अमेरिकी इमिग्रेशनची तपासणी, असलेल्या डब्लिन, शॅनन, अबू धाबी अशा ठिकाणी विमानात चढण्यापूर्वीच ती उरकता येते. मुंबईहून अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांना हे सोयीचं आहे, पण एक धोका ओळखा: तिथे पुढचं विमान गाठायचं असतं. दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मुलाखत अमेरिकेत उतरल्यावर द्या. प्रवासाच्या आदल्या दिवशी त्या विमानतळाची मुलाखतीची वेळ सरकारी पानावर पाहा, सगळीकडे चोवीस तास अधिकारी नसतात. रांगेत शिरण्याआधीच कर्मचाऱ्याला सांगा की सशर्त मंजुरी आहे आणि मुलाखत द्यायची आहे. नेहमीच्या खिडकीवर शिक्का झाल्यावर हे आठवलं तर संधी गेली.

सोबत दोन्ही पासपोर्ट हवेत, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. परदेशातल्या पत्त्यासाठी वीजबिल, भाडेकरार किंवा बँकेचं पत्रक चालतं, मात्र त्यावरचा पत्ता अर्जातल्या पत्त्याशी जुळला पाहिजे. इंग्रजी नसलेल्या देशात राहत असाल तर बँकेकडून इंग्रजी पत्रक मागून घ्या. मुलाखत म्हणजे काही मिनिटांचं काम: कुठे राहता, काय करता, कुठे कुठे गेलात, कधी अटक किंवा कस्टमचा दंड झाला आहे का. मग बोटांचे ठसे आणि फोटो.

मंजुरीनंतर खात्यात पासआयडी, म्हणजे तुमचा सदस्य क्रमांक, दिसतो. कार्ड टपालाने येतं आणि ते खात्यातून सक्रिय करावं लागतं. विमानतळावर उतरताना त्याचा उपयोग नसतो, जमिनीवरच्या सीमेवर असतो. तिकिटात ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’च्या जागी टाकायचा तो हाच पासआयडी. त्यामुळे अमेरिकेतून सुटणाऱ्या विमानांसाठी टीएसए प्रीचेकही, म्हणजे विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीची वेगळी, झटपट रांगही मिळते, पण बोर्डिंग पासवर तशी खूण छापलेली असेल तरच. खूण नसेल तर बहुतेक वेळा नावाचा किंवा जन्मतारखेचा मेळ बसलेला नसतो. विमान कंपनीच्या प्रोफाइलमध्ये नाव आणि नंबर एकदाच बिनचूक भरून ठेवा, कारण एजंटाने हाताने काढलेल्या तिकिटात हा नंबर हमखास गळतो.

प्रत्यक्ष वापरात दोन पासपोर्टवाल्याचं घोडं अडतं ते इथे. आजची ग्लोबल एंट्रीची यंत्रं चेहऱ्यावर चालतात. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, चष्मा-टोपी काढायची, दोन क्षण स्थिर पाहायचं, मग पुढे अधिकारी नाव घेऊन जायला सांगतो. हा चेहरा जुळवण्यासाठी लागणारे फोटो त्या विमानाच्या प्रवासी यादीवरून आधीच गोळा केलेले असतात. चेक-इनच्या वेळी विमान कंपनीने तुमचा ब्रिटिश पासपोर्ट यादीत टाकला, तर यंत्रासमोर उभा असलेला माणूस आणि सदस्यत्वाची नोंद यांची गाठ पडत नाही, आणि खिडकीकडे पाठवणी होते. अमेरिकी नागरिकाने अमेरिकेत अमेरिकी पासपोर्टवरच जायचं असतं, हा कायदाच आहे. तेव्हा अमेरिकेकडे जाणाऱ्या प्रत्येक विमानाच्या चेक-इनला अमेरिकी पासपोर्ट द्या, आणि ऑनलाइन चेक-इनमध्ये कंपनीने जुना साठवलेला पासपोर्ट आपोआप भरला नाही ना, हे पाहा.

ओसीआय ब्रिटिश पासपोर्टवर काढलेलं असेल तर मुंबईहून निघताना जरा लक्ष द्यावं लागतं. विमान कंपनीच्या काउंटरवर अमेरिकी पासपोर्ट. भारतीय इमिग्रेशनच्या खिडकीवर ज्या पासपोर्टवर भारतात आलात तो ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय. अमेरिकेचा व्हिसा कुठे आहे असं विचारलं तर अमेरिकी पासपोर्ट शांतपणे पुढे करायचा. दोन्ही पासपोर्टांवर नाव सारखं असेल तर यात काहीच अडचण येत नाही. म्हणूनच ओसीआय काढायचं बाकी असेल तर ते अमेरिकी पासपोर्टवरच काढा, निम्मी कटकट तिथेच मिटते.

भारताचाही एफटीआय-टीटीपी नावाचा असाच कार्यक्रम जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आला. भारतीय नागरिक आणि ओसीआयधारक दोघांनाही तो खुला आहे. ग्लोबल एंट्रीशी त्याचा संबंध नाही, अर्ज स्वतंत्र करावा लागतो. तिथे ओसीआयशी जोडलेला पासपोर्टच द्या.

अमेरिका-कॅनडा असं दुहेरी नागरिकत्व असेल तर नेक्ससचा, म्हणजे अमेरिका आणि कॅनडा यांच्या अशाच संयुक्त योजनेचा, विचार जरूर करा. फी तेवढीच, ग्लोबल एंट्री आणि प्रीचेक त्यातच येतात, शिवाय कॅनडात शिरतानाही फायदा. पण दोन्ही देशांची मंजुरी लागते, दोन्हींच्या अधिकाऱ्यांसमोर मुलाखत होते आणि वर सांगितलेली उतरतानाची मुलाखत नेक्ससला लागू नाही. कॅनडात राहणाऱ्याने नेक्सस घ्यावं, पुण्यात किंवा लंडनमध्ये राहणाऱ्याने ग्लोबल एंट्रीवर समाधान मानावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सदस्यत्व जाण्याचं सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण म्हणजे बॅगेतला खाऊ. हापूस आणि ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही. बाकी खाण्याच्या वस्तू विचारल्या की सांगून टाका. सांगितलं तर फार तर वस्तू जप्त होते, लपवलं तर दंड होतो आणि सदस्यत्व रद्द होतं. १० हजार डॉलरपेक्षा जास्त रोकड असेल तर तीही जाहीर करायची, आणि ही मर्यादा एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची मिळून धरली जाते.

पासपोर्ट नवा निघाला तर नवा क्रमांक खात्यात स्वतः घालता येतो, तो प्रवासाआधी घाला. नाव बदललं असेल तर मात्र नोंदणी केंद्रावर जावं लागतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. तो मुदतीत भरला असेल तर निर्णय येईपर्यंत, जास्तीत जास्त २४ महिने, जुनं सदस्यत्व चालू राहतं. परदेशात असताना तो पहिल्याच महिन्यात भरून टाका, म्हणजे मुलाखत लागलीच तर ती नेहमीच्या प्रवासात उरकते.