बोया आणि सरकत्या कडीने नांगर उचलणे: हंगामभराच्या वापरानंतरचा अनुभव

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरल्या तेव्हापासून १ जूनची मासेमारी बंदी लागेपर्यंत आमच्या सात मीटरच्या फायबर होडीवर नांगर उचलण्यासाठी बोया (पाण्यावर तरंगणारा गोळा) आणि सरकती कडी वापरली. मालवणबाहेर दहा-बारा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात गरवताना, म्हणजे गळाने मासे धरताना, जागा बदलली की सगळा दोर साखळीसह हाताने ओढावा लागतो, आणि होडीवर दोनच माणसे असली की दुपारपर्यंत कंबर धरते. वाळूवर आणि चिखलावर या साधनाने त्या कष्टांतून खरोखर सुटका केली. खडपावर, म्हणजे खडकाळ तळावर, मात्र ते एकटे पुरत नाही.

बोया कडीला बांधलेला असतो आणि नांगराचा दोर कडीतून ओवलेला असतो. होडी नांगराला ओलांडून पुढे नेली की पाण्याचा रोध बोयाला मागे धरतो, दोर कडीतून सरकतो आणि नांगर वर चढतो. साखळी कडीपलीकडे उतरली की तिचे वजन नांगराला तोलून धरते. मग इंजिन न्यूट्रलला आणून तरंगत्या बोयाकडचा सैल दोर गोळा करायचा. आमचा नांगर आठ किलोचा आहे आणि आठ मिलिमीटर जाडीची सहा मीटर साखळी जवळपास तेवढ्याच वजनाची आहे. ३५ सेंटीमीटर व्यासाचा गोल बोया पूर्ण बुडाल्यास सुमारे २२ लिटर पाणी सारतो, त्यामुळे एवढ्या लोखंडाला तो पुरून उरतो. लहान बोया घेऊन पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

दोर नेहमी नाळीलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच, बांधलेला हवा. मागच्या बाजूला बांधून इंजिन दिल्यास ताणाने होडीचा मागचा भाग दबून पाणी आत येऊ शकते. होडी दोराच्या रेषेत सरळ न नेता तिरकी न्यावी, म्हणजे दोर बाजूला दिसत राहतो आणि इंजिनाच्या पंख्यापासून दूर राहतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असला तरी तरंगतो, म्हणून या कामाला मी नायलॉनच पसंत करतो. आणि सुरी हाताशी हवीच.

सर्वांत जास्त कटकट दोर आणि साखळी यांच्या जोडापाशी झाली. शॅकलची (दोर आणि साखळी जोडणाऱ्या लोखंडी आकड्याची) बाहेर आलेली पिन सरकत्या कडीत अडकत असे आणि नांगर अर्ध्यावर थांबे. दोराचे टोक साखळीच्या कडीत थेट विणून घेतल्यावर तो त्रास संपला, मात्र विणीजवळचा दोर घासतो, म्हणून तेवढा भाग अधूनमधून कापून नव्याने विणावा लागतो.

खडपात नांगराचे काटे अडकल्यावर बोया कितीही मोठा असला तरी नांगर सुटत नाही. तेथे साखळी नांगराच्या बुडाला जोडून नांगराच्याच वरच्या कडीला केवळ प्लास्टिकच्या पट्टीने बांधतो. जोराचा ताण दिला की पट्टी तुटते, ओढ उलट्या दिशेने बुडाकडून बसते आणि काटे मागे निघतात. वारा फिरल्यावर ती आपोआपही तुटू शकते, त्यामुळे रात्रीच्या मुक्कामाला ही बांधणी वापरू नये. बुडाला वेगळा दोर आणि खूणबोया लावण्याची जुनी पद्धतही चांगली आहे. पण उधाणाची भरती धरून दोर लांब ठेवावा लागतो, आणि ओहोटीला तोच सैल दोर शेजारच्या जाळ्यात गुंतण्याची धास्ती राहते. प्रवाळाच्या भागात यांपैकी कोणतीच पद्धत नको, कारण इंजिनाच्या जोराने नांगर ओढला की प्रवाळ मोडते. तेथे नांगर न टाकणेच योग्य.

बॅटरीवरचे विद्युत रहाट एका परिचिताच्या होडीवर पाहिले. ते सोयीचे आहे, पण बॅटरीवर मोठा भार टाकते, आणि रुतलेला नांगर उपटण्यासाठी ते नसतेच.

आजूबाजूला जाळी असतील किंवा होड्यांची गर्दी असेल, तर बोया बाजूला ठेवून आम्ही हातानेच काम करतो. इंजिनाने हळूहळू नांगराच्या माथ्यावर यायचे, दोर उभा झाला की नाळीला आखडून बांधायचा आणि लाट होडी उचलेल तेव्हा नांगर सुटू द्यायचा. मात्र लाट मोठी असेल तर हे करू नये, कारण आखडलेला दोर नाळ पाण्यात ओढतो.