आठ काचांचे पैसे दिले, सात काचांची लेन्स आली

31,950 रुपये. कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सचे 31,500 आणि कुरियरचे 450. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. लाज वाटते. पण ज्याने मला ही लेन्स विकली, त्याच माणसाने काल तेच फोटो लावून पुन्हा जाहिरात टाकलेली दिसली, म्हणून लिहितोय.

लेन्स म्हणजे सुपर-टाकुमार 50 एमएम एफ 1.4. असाही ऑप्टिकल या पेंटॅक्स कॅमेरे बनवणाऱ्या जपानी कंपनीने 1964 मध्ये आणलेली पहिली आवृत्ती आठ काचांची. पुढे कंपनीने रचना बदलून ती सात काचांवर आणली आणि थोरियम या किरणोत्सारी धातूची काच वापरली. पुढच्या कड्यावरचं नाव दोन्हींवर तेच, त्यामुळे नुसता समोरून काढलेला फोटो कुणी पाठवला तर त्याला काडीची किंमत देऊ नका. सातवाली माझ्याकडे आहेच, 2022 मध्ये 7,500 ला घेतलेली. आठवालीसाठी तीन वर्षं थांबलो होतो.

विकणारा अदबीने बोलायचा. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, सामान काढून टाकतोय, वगैरे. "दादा, काच बघा, पाण्यासारखी आहे. सातवाली पिवळी पडते, तुम्हाला तर माहीतच असेल." माहीत होतंच. थोरियममुळे काच वर्षानुवर्षं चहाच्या रंगाची होत जाते. पण तो पिवळेपणा उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवून उतरवता येतो, हेही माहीत होतं. माझी लेन्स मी स्वतः खिडकीत ठेवून स्वच्छ केली होती! काच पांढरी आहे म्हणजे लेन्स आठ काचांची, असं कुणी सांगितलं तर तिथेच फोन ठेवा.

आता ते, जे आठवलं की अजून झोप उडते. त्याने पाच फोटो पाठवले होते, लाकडी टेबलावरचे, सुंदर. त्यांत डेप्थ ऑफ फील्डच्या पट्टीवरची (किती अंतरापर्यंतचं चित्र स्पष्ट येईल ते सांगणारे, लेन्सवर कोरलेले आकडे) इन्फ्रारेडची लाल खूण 4 या आकड्याच्या उजवीकडे होती, म्हणजे आठवाली. मी मागच्या काचेचा फोटो मागितला. बुरशी आहे का बघायचं होतं. अर्ध्या तासाने सहावा फोटो आला, निळ्या चादरीवरचा, तिरका. त्यात पट्टीही दिसत होती. लाल खूण 4 च्या डावीकडे! मी मोठा करून पाहिला. दिसलं मला. आणि मनाशी म्हटलं, कोन तिरका आहे म्हणून तसं वाटतंय. खूण कोनामुळे आकडा ओलांडून पलीकडे जात नाही. मागची काचही आठवालीत जास्त बाहेर आलेली असते, इथे तशी नव्हती. माझी सातवाली तीन हातांवर कपाटात होती. उठून शेजारी धरली असती तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

पण रात्रीचे पावणेअकरा झाले होते, मुंबईचा एकजण टोकन पाठवतोय असं तो सांगत होता. व्हिडिओ कॉल मागितला तर म्हणे गावाकडे रेंज नाही. तेव्हाच 8,000 पाठवले, सकाळी कुरियरची पावती आल्यावर 23,500. जुन्या लेन्स मी गेली पंधरा वर्षं हाताळतोय, अशा व्यवहारात एकदाही फसलो नव्हतो. चोरलेल्या फोटोंवर कुणीही विश्वास ठेवला असता. फक्त त्या सहाव्या फोटोबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी हद्दीवरच वाद. दुसऱ्या दिवशी साहेबांनी लेन्स हातात घेऊन फिरवली. "वस्तू मिळाली ना? चालते ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, फोटो एका वस्तूचे, पाठवली दुसरी, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 यासाठीच आहे. तर म्हणाले, "सात आणि आठ, एका काचेचा तर फरक! त्याचं एवढं काय?" चोवीस हजारांचा फरक आहे, साहेब! तुमच्या खिशातून गेले असते तर? तिथून सायबर कक्षाकडे. तिथे म्हणे ओटीपी गेला नाही, लिंक उघडली नाही, म्हणजे हे सायबर नाही, परत ठाण्यात जा. दोन रजा गेल्या. अर्ज घेतला, पण प्रतीवर शिक्का मारून द्यायला नकार. शिक्का घेतल्याशिवाय हलू नका, मी हललो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. मी सहाव्या दिवशी केला. खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. आणि पैसे देण्याआधी त्या पट्टीचा आणि सीरियल नंबरचा फोटो मागा, शेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून. टाळाटाळ केली तर तिथेच थांबा, मग मुंबईचे दहाजण टोकन पाठवत असू देत.

सोमवारी पुन्हा बोलावलंय. येताना दोन लेन्समधला फरक सांगणारं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणायला सांगितलंय. लाल खूण दोन्ही फोटोंत उघड दिसते. त्यासाठी प्रमाणपत्र कुणाकडून आणायचं, ते विचारल्यावर साहेब म्हणाले, "ते तुम्ही बघा."