ऑटोक्रॉसचे वर्ग सीसीवर पाडावेत की टायरवर?

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या जागेत कोन (शंकूच्या आकाराच्या खुणा) मांडून आखलेल्या वळणांच्या ट्रॅकवर एकेका गाडीने घड्याळाविरुद्ध धावणं. जागा मिळाली, कोन आणले, टायमिंग कोण घेणार ते ठरलं, की हौशी गटात पहिला वाद होतो तो वर्गांवरून. आमचा गट पंधराएक गाड्यांचा. उरणकडचं एक कंटेनर यार्ड महिन्यातून एका रविवारी सकाळी मोकळं मिळतं. खाली पेव्हर ब्लॉक, आणि दहाच्या आत सगळं आवरून निघायचं. पहिला हंगाम आम्ही इंजिनाच्या सीसीवर वर्ग पाडून खेळलो, त्यानंतरचे तीन टायरवर. तुम्ही अशाच जागेसाठी नियम लिहायला बसला असाल तर हा अनुभव उपयोगी पडेल. मुरुमावर खेळणाऱ्यांनी मात्र यातलं सगळं जसंच्या तसं घेऊ नये, तिथे टायरचा प्रकारच वेगळा लागतो.

सीसीची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. आकडा आरसी बुकात छापलेला असतो. तपासायला अर्धा मिनिट लागतो आणि त्यावर कोणी हुज्जत घालत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धांतही वर्ग मुख्यतः सीसीवरच असतात. ज्याला पुढे एफएमएससीआय या देशाच्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स काढून तिकडे उतरायचं आहे, त्याला सुरुवातीपासून तीच सवय लागलेली बरी.

अडचण टर्बोपाशी येते, म्हणजे जास्त हवा कोंबून तेवढ्याच सीसीत जास्त ताकद काढणाऱ्या इंजिनापाशी. स्विफ्टचं साधं १.२ इंजिन ११९७ सीसीचं, आणि पोलो जीटी टीएसआयचं टर्बो इंजिनही ११९७ सीसीचंच. एकीची ताकद ८३-८४ पीएस, दुसरीची १०५. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या पद्धतीने टर्बोच्या सीसीला १.७ ने गुणलं तर पोलो २०३५ सीसीची ठरते आणि थेट मोठ्या गाड्यांत जाऊन बसते. आम्ही दोन्ही करून पाहिलं. आधी स्विफ्टवाले नाराज झाले, मग पोलोवाला.

पण खरं सांगायचं तर त्या हंगामात १३०० सीसीच्या आतला वर्ग पोलोने जिंकलाच नाही. जिंकली ती एक जुनी १.३ स्विफ्ट, जिच्या मालकाने आयात केलेले सेमी-स्लिक टायर (उथळ खाचांचे, जास्त पकड देणारे) मिळवले होते. आमचा ट्रॅक ४५ सेकंदांचा. जवळजवळ सगळा दुसऱ्या गिअरमध्ये, आणि सरळ पट्टा असा एकच. इंजिनाला पाय पसरायला जागाच मिळत नाही. वळणातला वेग पकडीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे पकड दहा टक्के वाढली की त्याच वळणातून साधारण पाच टक्के जास्त वेगाने जाता येतं. ४५ सेकंदांतला बहुतेक वेळ वळणांतच जात असेल तर दीड-दोन सेकंद नुसत्या टायरचे होतात. चांगल्या आणि बऱ्या ड्रायव्हरमधलं अंतर आमच्याकडे एका सेकंदाच्या आसपास आहे. जानेवारीपर्यंत आणखी दोघांनी तसे टायर घेतले. त्यातला एक मी. मार्चमध्ये त्या वर्गात रोजच्या टायरवर येणारे चौघं होते, एप्रिलमध्ये त्यातला एकही आला नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळ्यांनीच घ्यावेत चांगले टायर. तेच माझ्याकडून झेपलं नाही. कारण पैशाचं नव्हतं, जागेचं होतं, आणि मुंबईत राहणाऱ्या माणसाने नियम लिहिताना याचा विचार सगळ्यात आधी करावा असं मला मनापासून वाटतं.

मी दादरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. रिमवर चढवलेला पंधरा इंची टायर पंधरा किलोंच्या आसपास भरतो. अशी चार चाकं मी गॅलरीत ठेवली, आईच्या तुळशीच्या कुंडीशेजारी, वर ताडपत्री टाकून. जिन्याखाली ठेवायला सोसायटीने मनाई केली, आणि ते योग्यच होतं. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. इव्हेंटच्या आदल्या रात्री चार चाकं खाली आणायची. मागचं सीट पाडून ती गाडीत भरली की जॅक आणि पान्यापुरतीच जागा उरते. बरोबर यायला तयार असलेल्या धाकट्या भावाला मी तीनदा नाही म्हटलं, कारण पुढच्या सीटवर हेल्मेट, हवेचा पंप आणि पाण्याचे कॅन असायचे. पहाटे साडेचारला निघायचं, शिवडीहून अटल सेतूने पलीकडे, यार्डात बॅटरीच्या उजेडात चारही चाकं बदलायची. दहाला पुन्हा चारही बदलायची. मधल्या वेळात प्रत्येकाला चार रन, म्हणजे फेऱ्या, मिळतात, म्हणजे एकूण तीन मिनिटं गाडी चालवायची. घरी आलो की चाकं पुन्हा तिसऱ्या मजल्यावर न्यायची.

घरूनच सेमी-स्लिकवर का निघत नाही, असं मला विचारलं गेलं. एकदा निघालो होतो. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या सरी आल्या, आणि परतताना पुलावर साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग क्षणभर हलकं झालं. उथळ खाचांच्या टायरला पाणी बाहेर फेकता येत नाही. पुन्हा ते केलं नाही.

त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर खेळ बंद, चाकं गॅलरीत. असा टायर दरवेळी तापून निवतो तेव्हा त्याचं रबर थोडं कडक होत जातं, आणि नुसतं पडून राहिल्यानेही होतं. ऑक्टोबरमध्ये खाचा अर्ध्याहून जास्त शिल्लक होत्या, पण रोजच्या टायरच्या तुलनेत मला अर्धा सेकंदच मिळाला. प्रत्येकाचा अनुभव असाच येईल असं नाही. माझी गॅलरी पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारभर ऊन असतं.

म्हणून आम्ही टायरवर वर्ग पाडायचे ठरवलं. पण टायरवर म्हणजे नेमकं कशावर, हे ठरवायला सीसीपेक्षा जास्त डोकं लागतं. अमेरिकेत एससीसीए या हौशी मोटरस्पोर्ट क्लबच्या स्ट्रीट वर्गात ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकतो त्याचा आकडा, किमान २०० असावा लागतो. हा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. टेक्सासमधल्या रस्त्यांवर सुमारे ११,६०० किलोमीटर चालवून, १०० धरलेल्या ठरावीक टायरशी झीज ताडून पाहतात. त्यात मोजली जाते ती झीज, पकड नव्हे, आणि आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. त्यामुळे योकोहामा कंपनीचा ए०५२ हा टायर २०० लिहिलेला असूनही साध्या टायरच्या कितीतरी पुढे असतो. शिवाय आपल्याकडे हा आकडा छापणं बंधनकारक नाही. नुसत्या ट्रेडवेअरवर विसंबू नका. परवानगी असलेल्या टायरची यादी करायची तर ती दर वर्षी कोणीतरी सुधारत बसायला हवी, आणि ते काम हौशी गटात कोणी दुसऱ्या वर्षी करत नाही.

आमचा नियम एका ओळीचा आहे: ज्या टायरवर आलात त्याच टायरवर रन करा आणि त्याच टायरवर घरी जा. फाटकात शिरताना चारही टायरवर आम्ही खडूने खूण करतो, निघताना ती पाहतो. आयएसआय मार्क हवा आणि खाच किमान ३ मिमी, कायद्याच्या १.६ पेक्षा जास्त, कारण पेव्हर ब्लॉक रबर लवकर खातात. ट्रेडवेअर छापलेला असेल तर २०० च्या खाली नको. याला आम्ही ‘घरचा’ वर्ग म्हणतो. बाकी सगळे ‘खुल्या’ वर्गात, तिथे सीसी विचारत नाही.

पळवाट आहे. ए०५२ लावून रोज ऑफिसला जाणारा माणूस घरच्या वर्गात बसतो. जून २०२० पासून नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत गेल्यावर तसे टायर मिळणंच अवघड झालं आहे, आणि इथल्या खड्ड्यांतून ते रोज वापरायची तयारी फार थोड्यांची असते. तीन हंगामांत आमच्याकडे असा एकच आला. तो जिंकला, आणि त्यावर कोणी तक्रार केली नाही, कारण तोही सगळ्यांसारखाच चहा पिऊन, टायर न बदलता घरी गेला.

तुमच्या जागेत लांब सरळ पट्टा असेल आणि तिसरा गिअर लागत असेल, तर घरच्या वर्गात सीसीचे दोन पोटवर्ग करा. तिथे इंजिन बोलतं. सगळ्यांकडे मोकळी आवारं आणि गॅरेज असतील तर कदाचित सीसीवरच भागेल. पाच-सहाच गाड्या असतील तर वर्ग पाडूच नका, प्रत्येकाने आपलं मागचं टायमिंग मोडायचं.

एप्रिलमध्ये गेलेल्या चौघांपैकी तिघं टायरचा नियम झाल्यावर परत आले. गेल्या हंगामात घरच्या वर्गात अकरा गाड्या होत्या, खुल्यात चार. माझी ती चार चाकं मी खुल्या वर्गातल्या एकाला दिली. त्याचं घर पेणला आहे, तळमजल्यावर, आणि मागे पडवी आहे. भाऊ आता पुढच्या सीटवर बसून येतो.