इनर व्हील क्लब की बचत गटांचा संघ? मराठवाड्यात सेवाकार्याचा विचार करणाऱ्या महिलांसाठी तुलनात्मक आढावा

लातूर, नांदेड, परभणी किंवा जालन्यासारख्या शहरात राहणारी एखादी स्त्री नोकरीतून निवृत्त झाल्यावर, किंवा मुले शिक्षणासाठी पुण्याला गेल्यावर, समाजासाठी काही करावे असे ठरवते, तेव्हा तिला बहुधा दोन बाजूंनी बोलावणे येते. ओळखीच्या डॉक्टरीणबाई इनर व्हील या महिलांच्या सेवाभावी क्लबचे सदस्यत्व घेण्याचा आग्रह करतात, तर गावाकडची जाऊ किंवा नणंद बचत गटाच्या ग्रामसंघात येऊन हिशेबाच्या कामाला हातभार लावण्यास सांगते. दोन्ही कामे मोलाची आहेत. परंतु त्यांचा पैसा, वेळापत्रक आणि निर्णय घेण्याची रीत इतकी वेगळी आहे की केवळ ओळखीखातर होकार देणे मला योग्य वाटत नाही.

इनर व्हीलची सुरुवात १० जानेवारी १९२४ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे मार्गारेट गोल्डिंग यांनी केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात रोटरी या सेवाभावी संघटनेच्या सदस्यांच्या पत्नींनी केलेल्या सेवाकार्यातून ही कल्पना पुढे आली, आणि म्हणूनच अनेक वर्षे रोटेरियनच्या नात्यातील स्त्रियांनाच येथे प्रवेश होता. आता ती अट शिथिल झाली असून इतर स्त्रियांनाही निमंत्रणावरून सदस्य होता येते. दरम्यान लायन्स या तशाच दुसऱ्या संघटनेने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये स्त्रियांना थेट सदस्यत्व खुले केले. त्यामुळे ज्यांना स्वतःच्या व्यवसायाच्या बळावर बरोबरीने काम करायचे आहे, त्यांनी रोटरीचा विचार आधी करावा. तरीही केवळ स्त्रियांच्या बैठकीत जो मोकळेपणा मिळतो आणि पहिल्यांदा माईकसमोर उभे राहण्याचे जे धैर्य येते, ते मला कमी महत्त्वाचे वाटत नाही.

बचत गटांची वाट निराळी आहे. बचत गट बांधणारे राज्य शासनाचे महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजेच 'माविम', २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झाले. ग्रामीण जीवनोन्नती अभियान म्हणजे 'उमेद' २०११ पासून राज्यात काम करते आहे. दहा-बारा जणींचा गट, गावातील गटांचा ग्रामसंघ आणि त्यावर अनेक ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी 'उमेद'ची रचना आहे, तर 'माविम'ची, गटांतील महिलांनीच चालवलेली, लोकसंचालित साधन केंद्रे आहेत. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे: 'उमेद'चे गट प्रामुख्याने गरीब ग्रामीण कुटुंबांतील स्त्रियांसाठी आहेत, त्यामुळे शहरातील सुस्थितीतील स्त्रीने त्यांत सदस्य म्हणून शिरणे उचित नाही. तिची जागा मदतनीसाची आहे: नोंदवह्या तपासून देणे, बँकेत सोबत जाणे, अर्ज समजावून सांगणे. निर्णय त्यांचा असतो, आणि ज्यांना आयुष्यभर कार्यालयात किंवा शाळेत सूचना देण्याची सवय झालेली आहे, त्यांना हे जड जाते.

खर्चाच्या बाबतीत क्लबची वार्षिक वर्गणी ही केवळ सुरुवात असते. तिचा काही भाग वरच्या पातळ्यांवर जातो, आणि प्रकल्पांची देणगी, पदग्रहण सोहळा, ठरलेल्या रंगाची साडी, अधिवेशनाचा प्रवास हे सारे वेगळे. गटासोबत काम करताना पैसा थोडा लागतो, पण वेळ पुष्कळ लागतो, कारण बैठका बहुधा शेतातून बाया परतल्यावर संध्याकाळी होतात आणि शेवटची एसटी चुकण्याची धास्ती कायम असते.

माझ्या मते खरा फरक दिनदर्शिकेत आहे. इनर व्हीलचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते, दरवर्षी पदाधिकारी बदलतात आणि बहुतेक वेळा प्राधान्येही बदलतात. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास, कधी त्याहून उशिरा, परततात. म्हणजे नव्या कार्यकारिणीने जुलैत ठरवलेले काम गावात माणसे असताना करायला सलग जेमतेम तीन महिने मिळतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचे उदाहरण घ्या. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी दोन मात्रांचे वेळापत्रक ठरवले, तर दोहोंत साधारण सहा महिन्यांचे अंतर असते; ऑगस्टमध्ये पहिली मात्रा घेतलेली मुलगी फेब्रुवारीत आईवडिलांबरोबर फडावर असते. शिबिराच्या अहवालात तिचे नाव राहते आणि दुसरी मात्रा राहून जाते. ती कोणत्या कारखान्यावर आहे आणि कधी परतणार, हे गावातल्या गटातील बायांना ठाऊक असते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अशा ठिकाणी एका दिवसाचे आरोग्य शिबिर अपुरे पडते. दुसरा सल्ला घेण्यासाठी बाईला घेऊन जाणारे, मुकादमाची उचल फेडण्याच्या घाईत तिला थांबवणारे माणूस तिच्याच गल्लीत असावे लागते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही हेच दिसले. कपडे, धान्य आणि औषधे बाहेरून आली, त्यात सेवाभावी संस्थांचा वाटा मोठा होता. पण नंतरच्या घरदुरुस्तीच्या वर्षांत गावकरी आणि अभियंते यांच्यातील दुवा म्हणून संवाद सहायकांचे काम गावोगावच्या महिलांनी पेलले.

याचा अर्थ क्लब निरुपयोगी आहेत, असा मुळीच नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ, लेखापाल, मुख्याध्यापिका एकाच बैठकीत असल्यामुळे एखाद्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी दोन दिवसांत पैसा आणि खाट उपलब्ध करण्याचे सामर्थ्य कोणत्याही ग्रामसंघाकडे नसते. उलट काही गट केवळ कागदावर चालतात, बँकेचे अधिकारी येण्याच्या आदल्या रात्री वर्षभराचे इतिवृत्त लिहिले जाते आणि सभांना गर्दी हवी असली की बायांना गाडीत बसवून नेले जाते. मी स्वतः एका क्लबात असताना एका गावाला आम्ही शिलाई यंत्रे दिली होती. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ती चादरीखाली झाकलेली होती, कारण दुरुस्ती कोण करणार आणि कपडे शिवायला कोण देणार, हे आम्ही विचारलेच नव्हते. त्याचे दुःख मला अजूनही आहे.

ज्यांना ठरावीक बैठका, मैत्री आणि निधी उभारण्याचे काम रुचते, त्यांनी क्लब निवडावा. ज्यांना एकाच गावाशी पाच वर्षे बांधून घेण्याची तयारी आहे, त्यांनी ग्रामसंघाकडे जावे. गल्लीतील महिला मंडळ हा तिसरा पर्याय असेल, तर नोंदणी आणि लेखापरीक्षण झालेले आहे का, एवढे प्रथम पाहावे. क्लबचे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी मात्र मागील दोन वर्षांचे अहवाल मागून घ्यावेत आणि त्यांतील किती गावांची नावे दोन्ही वर्षी आली आहेत, ते मोजावे.