आठ महिने अंदाजवही वापरल्यावर: मस्ट हॅव, शुड हॅव, कान्ट हॅव

चाकणच्या एका कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं बघते. न्हावा शेव्याहून कंटेनर निघतो, इंग्लंडमध्ये फेलिक्सस्टो बंदरात उतरतो आणि मधल्या दिवसांत तिकडच्या लोकांशी मेलामेली करायचं काम माझं. या मेलमध्ये छातीठोकपणे सांगण्यासारखं थोडंच असतं. जहाज लागलं असेल, कागद मिळाले असतील, कस्टम्समध्ये अडकलं असावं, खरं तर कालच यायला हवं होतं. मराठीत हे सगळं सहज निघतं. इंग्रजीत मात्र मी कित्येक वर्षं 'मे बी' आणि 'आय थिंक' एवढ्यावर भागवत होते.

अंदाजवही, म्हणजे रोजचा एक अंदाज मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवायची वही, सुरू करायला एक मेल कारण झाला. 'यू मस्ट हॅव रिसीव्ह्ड द डॉक्युमेंट्स' असं मी लिहिलं होतं. मनात होतं 'मिळाले असतील'. पण मस्ट हॅव म्हणजे 'मिळालेच असणार', दुसरी शक्यताच नाही. कागद मिळालेले नव्हते. समोरच्याचं उत्तर एका ओळीचं आणि गार होतं. त्याच्या जागी मी असते तर मलाही ते वाक्य टोचलं असतं.

म्हणून जानेवारी २०२४ मध्ये एक साधी दोनशे पानी वही घेतली. तीन रकाने आखले. पहिल्यात दिवसातला एक अंदाज मराठीत, दुसऱ्यात तोच इंग्रजीत, आणि तिसऱ्यात प्रत्यक्षात काय झालं ते, कळेल त्या दिवशी. व्याकरणाचे सराव मी आधीही केले होते, पण त्यातली माणसं नि गाड्या खोट्या. इथे अंदाज माझा असतो आणि तो चुकला की चुकलेल्या अपेक्षेचं वाक्य मला खरोखरच लिहावं लागतं. तिसरा रकाना नसता तर ही वही महिन्याभरात बंद पडली असती.

आणि ते दिवसही अंदाज चुकण्याचेच होते. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, बऱ्याच कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास दहा दिवस ते दोन आठवड्यांनी लांबला. माझ्या वहीत 'शुड हॅव अराइव्ह्ड' पानोपानी आहे.

हा शुड हॅव मला सगळ्यात उशिरा कळला. 'इट शुड हॅव अराइव्ह्ड बाय नाउ' म्हणजे हिशेबाने एव्हाना पोचलं असणार, अजून खबर नाही. तेच वाक्य, जहाज आलं नाही हे ठाऊक असताना म्हटलं की अर्थ होतो 'यायला हवं होतं, आलं नाही'. आणि कर्ता माणूस असून गोष्ट त्याच्या हातातली असली की तिसराच सूर लागतो: 'यू शुड हॅव इन्फॉर्म्ड अस' हा सरळ ठपका आहे. मार्चमध्ये लक्षात आलं की आपल्या 'पाहिजे'चंही असंच आहे. 'पाचपर्यंत पोचायला पाहिजे' हा हुकूम की हिशेब, हे आपण सूरावरून ओळखतो. हे कळल्यापासून शुडची भीती गेली. आता कागदांबद्दल मी 'यू शुड हॅव रिसीव्ह्ड' लिहिते. त्यात 'नसतील मिळाले तर सांगा' याला जागा राहते.

नकाराचा घोळ वेगळा. 'त्याने पाहिलं नसणार' याचं मी 'मस्ट नॉट हॅव सीन' करायचे. ते कानावर येतं, अमेरिकेत विशेष, पण माझ्या इंग्रज ग्राहकांकडून 'कान्ट हॅव सीन' हेच येतं. कान्ट म्हटलं की क्षमता आठवते, त्यामुळे हे अंगवळणी पडायला दोन महिने गेले. अजूनही घाईत चुकतं.

वहीतली सर्वाधिक लाल खूण मात्र एका अगदी साध्या वाक्यावर आहे: 'मला वाटलं तो येईल.' मराठीत येईल तसाच राहतो, म्हणून मी लिहायची 'आय थॉट ही विल कम'. इंग्रजीत वाटणं भूतकाळात गेलं की विलचा वुड होतो. 'आय थॉट ही वुड कम' यातच बहुतेकदा तो आला नाही हे ऐकू येतं. 'ही वॉज सपोज्ड टु कम' आणि आपलं 'येणार होता' मात्र छान जुळतात. एकोणीस वेळा चूक, मग एप्रिलअखेर ती थांबली.

आनंद झाला तो वेगळ्याच जागी. दार वाजलं की इंग्रज माणूस म्हणतो 'दॅट'ल बी द पोस्टमन'. शाळेत विल म्हणजे भविष्यकाळ असं पाठ केलेलं, आणि इथे तर हुबेहूब आपलं 'पोस्टमन असेल'! शाळेतल्या व्याकरणात विध्यर्थाखाली 'तो बहुधा घरी यावा' असं तर्काचं उदाहरण असायचं, आणि संकेतार्थात 'पाऊस आला असता तर पीक आलं असतं'. हे 'आलं असतं' म्हणजेच इंग्रजीतलं वुड हॅव; त्याची शिडी तिथेच होती. इंग्रजी शिकवताना ती कुणी टेकवून दिली नाही याची हळहळ वाटते. दहावीतल्या भाचीला मी आता तिथूनच शिकवते.

उणीव मोठी आहे ती बोलण्याची. वहीत 'मस्ट हॅव' दोन शब्द असतात, फोनवर ते 'मस्टव्ह' असं एका घासात जातं, 'कान्ट हॅव'मधला हॅव तर जवळजवळ गायबच. लिहून कान तयार होत नाही. शिवाय काही अंदाजांचा निकाल कधीच लागत नाही, ते रकाने रिकामेच राहतात. रोज पंधरा मिनिटं जातात, आणि महिनाअखेरच्या गर्दीत आठ-आठ दिवस खाडा झालाय. परीक्षेसाठी झटपट उजळणी हवी असेल तर या वहीच्या वाटेला जाऊ नका. रोज इंग्रजीत मेल लिहावे लागणाऱ्याने मात्र जरूर करून बघावी.

पहिली वही ऑगस्टमध्ये भरली. दुसरीत चौथा रकाना आखलाय: फोनवर ते कसं ऐकू आलं, ते देवनागरीत.